मालनची पाखाडी

मालनचं तोंड बंद पडलं, तेव्हाच वरच्या वाडीनं ओळखलं की हे दुखणं साधं नाही. एरवी ही बाई झोपेतसुद्धा कुणाला तरी सुनावायची. नवरा गेला त्याला बारा वर्षं झाली, मुलगा हर्षद विरारला, घरात दुसरं माणूस नाही, तरी बोलणं काही थांबलं नव्हतं. कोंबडीशी बोलायची, चुलीशी बोलायची, शेजारच्या फणसाला शिव्या घालायची. आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेतल्या त्या मे महिन्यात पाचव्या दिवशी तिला ‘पाणी’ एवढा शब्दही दोन तुकड्यांत म्हणावा लागला.

वरच्या वाडीला गाडीरस्ता नाही. आहे ती पाखाडी. जांभ्या दगडाच्या एकशे सत्त्याऐंशी पायऱ्या, वाडीतल्याच माणसांनी घाम गाळून बसवलेल्या. माणूस आजारी पडलं की बांबूला गोधडी बांधायची, त्यात त्याला निजवायचं आणि चौघांनी खांदा देऊन खाली रस्त्यावर आणायचं. ही आमच्याकडची डोली. तोंडाला टॉवेल गुंडाळून चौघेजण आले. पुढच्या टोकाला भिकाजी, मालनचा चुलत दीर. तो सगळी पाखाडी रडत उतरला, असं बाकीचे तिघे सांगतात. तो म्हणतो, घाम होता.

आता भिकाजीला रडू का आलं, तेही सांगायला हवं. वाडीत एक बोलणं आहे, डोलीतून उतरलेलं माणूस पायांनी वर येत नाही. कुणी उतरलं ते गेलंच, कुणी वाचलं ते मुलाकडे मुंबईला गेलं आणि मागे घराला कुलूप लागलं. वरच्या वाडीत अशी अकरा कुलपं आहेत. बारावं मालनचं लागलं. डोलीत घालायच्या आधी तिनं किल्ली स्वतःच्या हातानं कनवटीला खोचली होती, तेवढं भान तिला होतं.

रत्नागिरीच्या इस्पितळात सतरा दिवस ऑक्सिजनवर काढून मालन जिवंत परत आली. पण कसली मालन! निम्मी उरलेली. फुप्फुसं अजून पुरती भरून आली नव्हती. हर्षद तिला विरारला न्यायला आला, तर म्हणाली, “चौथ्या मजल्यावरच्या पिंजऱ्यात बसून मी काय पोपटासारखी डाळ खाऊ?” शेवटी तडजोड म्हणून ती खाली रस्त्याकडेला भिकाजीच्या घरी राहिली. न्हाणीघरापर्यंत गेली तरी दारात टेकून उभी राहायची. तिची जाऊ सखू पाठ चोळायची आणि मालन, आयुष्यात पहिल्यांदा, गप्प बसून चोळून घ्यायची. संध्याकाळी ओट्यावर बसली की डोंगरात आपल्या घराचं कौल दिसायचं. ते बघून तिला फार वाईट वाटायचं.

तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी तिला एक गोष्ट सांगितली. “आजी, हळूहळू चढ चढायला लागा. पण चढताना बोलत राहायचं. बोलणं चालू आहे तोवर चढा. बोलणं तुटलं की बसा.”

देवच पावला म्हणायचा. आजवर सगळ्या जगानं या बाईला गप्प बस म्हणून सांगितलं होतं. बोल म्हणून सांगणारी ही पहिलीच.

पावसात पाखाडी शेवाळलेली, पाय ठेवायची सोय नव्हती. दसरा झाला आणि मालननं सुरुवात केली. सोबतीला भिकाजी, कारण बोलायला समोर माणूस लागतं आणि चिडवायला भिकाजीसारखं दुसरं नाही. पहिल्या दिवशी सहा पायऱ्या. “भावजी, तुमच्या लग्नात सोलकढी...” एवढ्यावर बोलणं तुटलं. ती बसली. पुढं “आंबली होती” म्हणायला तिला दुसरा दिवस उजाडावा लागला. दिवाळीत चाळीस पायऱ्या झाल्या, तोवर भिकाजीच्या सासरची मंडळी सोलून झाली होती. थंडीत एकदा घसरगुंडी झाली, खोकला उपटला आणि तीन आठवडे गेले. ऐंशीवरून पुन्हा वीसवर. त्या दिवशी मात्र ती विसाव्या पायरीवर बसून रडली, अगदी पदर तोंडात धरून. भिकाजी बाजूला उभा राहून डोंगराकडं बघत होता. मग म्हणाला, “वयनी, माझ्या मेव्हण्याचं राहिलंय अजून.” तिनं नाक पुसलं आणि मेव्हण्याला घेतला.

हर्षदनं फोनवर अट घातली होती. “आये, शिमग्याला मी येतो. देवाची पालखी वाडीत यायच्या दिवशी तू आपल्या पायांनी घरात पोच. वर गेल्यावर बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं मशीन लावू. नव्वदच्या वर आकडा आला तर राहा तुझ्या घरी, मी काय बोलणार नाय. खाली आला तर माझ्याबरोबर विरार. कायमचं.”

“लाव तुझं मशीन,” मालन म्हणाली.

शिमगा आला. हर्षद आला, रिकामी बॅग घेऊन आला, तिचे कपडे भरायला. शिवाय पोराला भरवसा नाही म्हणून चढायच्या वेळी मागून डोलीही निघाली, रिकामी, तिघांच्या खांद्यावर. आईचा जीव जाण्यापेक्षा आईची शिवी बरी, असा त्याचा हिशेब. मालननं मागं वळून ती डोली पाहिली मात्र, आणि जी सुटली ती सुटली. पहिल्या पायरीपासून हर्षद. लहानपणी विहिरीत टाकलेली कळशी निघाली, दहावीचे गुण निघाले. पन्नासाव्या पायरीला डोलीवाले तिघे, एकेकाच्या नावानिशी. शंभराव्या पायरीवर ती बसली, दोन घोट पाणी प्याली, डोंगरातला वारा खाल्ला आणि उठून भिकाजीकडं वळली. दीडशेच्या पुढं वाक्यं लहान झाली. पण तुटली नाहीत. एकशे सत्त्याऐंशीवर तिनं पाय ठेवला तेव्हा ती म्हणत होती, “आणि ती सोलकढी... आंबलीच होती.”

अंगणात येऊन ती ओट्यावर टेकली. पाचेक मिनिटं बसू दिल्यावर हर्षदनं तिच्या बोटाला मशीन लावलं. आकडा हलला, थांबला. त्र्याऐंशी.

हर्षदनं दुसऱ्या हाताचं बोट घेतलं. एक्क्याऐंशी. मशीन बिघडलं असेल म्हणून त्यानं स्वतःच्या बोटाला लावलं, तर अठ्ठ्याण्णव. म्हणजे मशीन ठणठणीत. त्याचा चेहरा उतरला. डोलीवाल्यांनी न सांगता गोधडी सारखी केली.

“आये, बस डोलीत. वाद घालू नको.”

मालननं मशीनकडं पाहिलं. पाच महिने एकेक पायरी जमवली ती या आकड्यासाठी? पण दम तर लागलेला नव्हता. आपली छाती आपल्याला कळते की त्या डबीला?

“हर्षद, माझं बोलणं तुटलंय काय?”

“नाय, पण...”

“मग आधी भावजींच्या बोटाला लाव.”

भिकाजीला काय धाड भरली होती? साठीला आलेला गडी, रोज दोनदा पाखाडी करणारा. त्यानं ऐटीत बोट पुढं केलं. आकडा आला एकोणऐंशी. भिकाजीनं तो वाचला, पुन्हा वाचला, आणि मटकन खाली बसला. “वयनी, सखूला बोलवा,” म्हणाला. आवाजसुद्धा बारीक झाला बिचाऱ्याचा.

मालन त्याच्या बोटाकडं बघत राहिली. मग आपल्या बोटांकडं. काल अख्खी दुपार दोघांनी ओले काजू सोलले होते, पालखीबरोबरच्या माणसांना उसळ करायची म्हणून. काजूच्या सालीचा चीक लागला की बोटं काळी होतात, नखंसुद्धा, आणि राखेनं घासा नाहीतर तेलानं, आठ दिवस निघत नाहीत. तव्याच्या बुडासारखी काळी बोटं होती दोघांची.

“अरे मेल्या,” ती मुलाला म्हणाली, “तुझ्या मशीनला चिकातून काय दिसणार? कप्पाळ?”

सोलताना करंगळी वर राहते, तिला चीक लागत नाही. मालननं करंगळी पुढं केली, स्वच्छ, गोरी. हर्षदनं मशीन लावलं. आकडा चढत गेला. अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव, पंच्याण्णव. पंच्याण्णववर थांबला.

हर्षदनं मशीन भिकाजीच्या हातात दिलं. तो आईच्या पायाशी बसला आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिनं त्या डोक्यावर आपला काळा हात ठेवला. दहा महिने हा पोरगाही घाबरून जगला होता, हे तिला तेव्हा कुठं कळलं. तिकडं भिकाजीची करंगळी सत्त्याण्णव दाखवत होती, तरी तो उठायला तयार नव्हता.

“भावजी, डोली आलीच हाय, बसता काय?” मालन म्हणाली, आणि सगळे इतके हसले की भिकाजीही हसला.

तिनं कनवटीची किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं, हर्षदनं त्यात खोबरेल सोडलं, दोनदा अडलं आणि उघडलं. घरात कोंदट वास, कोळ्यांची जाळी. चुलीवर त्या दिवशी उतरवायचा राहिलेला टोप तसाच होता. मालननं पदर खोचला. हर्षदनं झाडू घेतला. “बॅग?” त्यानं विचारलं.

“ने रिकामीच. विरारला येईन मी, नाय कोण म्हणतंय? चार दिवस पाहुणी म्हणून येईन.”

खालून ढोल ऐकू यायला लागला. पालखी रस्त्याला आली होती, आता खांदेकरी खाली जायला हवे होते. भिकाजी आणि ते तिघे रिकामी डोली घेऊन पाखाडी उतरायला लागले. मालन अंगणाच्या टोकाला आली. पालखी पहिली माझ्या दारात आणा, तिनं वरून सांगितलं. वळणावर सांभाळा. सखूला म्हणावं नारळ विसरू नको. आणि ती डोली नीट गुंडाळून ठेवा, उद्या कुणाला लागेल, फक्त मला विचारायला येऊ नका.

चौघे शेवटच्या पायरीवर पोचले, ढोल अगदी समोर वाजत होता, तरी वरून तिचा आवाज येतच होता. भिकाजीनं डोली भिंतीला टेकवली, पालखीखाली खांदा दिला आणि म्हणाला, “उचला लवकर. वयनी बोलावतेय.”