ओवाळणीत मागितलेला जामीन

कप न विचारता अश्विनच्या पुढ्यात आला. बिनसाखरेचा. त्याच्या बायकोच्या, प्रतिभाच्या चहात साखर होती, वकीलबाईंच्याही. एकट्या त्याच्याच कपाची कारकून सहादूनं वेगळी आठवण ठेवली होती. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोड दिला, तर तसाच ठेवून गेला होतात साहेब," असं म्हणत तो हसत बाहेर गेला. आणि सकाळी रिक्षात बसताना हाच अश्विन म्हणाला होता, कुणी एक वकीलबाई आहेत म्हणे कोर्टामागे, बघू तरी काय सांगतात...

त्याला काय मिळणार होतं, हा हिशेब सोपा होता. नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज मंजूर झाला, की द्राक्षांच्या खोक्यांच्या धंद्यातली सगळी देणी अंगावरून उतरणार, पिंपळगावच्या पॅकहाउसवाल्यांसमोर मान खाली घालायला नको, आणि चाळिशीत पाटी कोरी. वाईट सौदा नव्हता.

"अटक वगैरे होते का, मॅडम?"

"कोर्टाकडून संरक्षण मागता येतं."

"लोकांना कळतं?"

"पेपरात नोटीस येते. ती वाचतं कोण? भाऊबंद तेवढे."

"हिचे दागिने?"

"त्यांचे असतील तर त्यांचेच राहतील."

उत्तर संपायच्या आधीच त्याची मान हलत होती. गोष्ट आधी ऐकलेलं मूल हुंकार देतं, तशी. म्हणजे हे प्रश्न त्याचे नव्हतेच. तिनं ऐकावेत म्हणून तो ते पुन्हा विचारत होता — आणि एक नेमका गाळत होता. तो तिनं विचारला.

"जामीनदाराचं काय?"

"तो नाही सुटत," वकीलबाई म्हणाल्या. "कर्जदार मोकळा झाला, की बँक जामीनदाराला धरते. पगारदार असेल तर पगारातून वसुली. यांना सांगितलंय मी तेव्हाच."

तेव्हाच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आणि भाऊबीज त्यानंतर... पाटावर बसलेला जयरामदादा, सकाळच्या गाडीनं मनमाडहून आलेला, कपाळावरचं कुंकू नाकावर सांडलेलं — "बोल, काय टाकू ताटात?" आणि तिनं, शिकवल्यासारखं, की शिकवल्याप्रमाणेच, म्हटलं होतं, या वेळी साडी नको दादा, यांच्या कर्जाला जामीन राहा. साडी मागू नकोस, ओवाळलेल्या ताटाला कोण नाही म्हणतं, हे अश्विनचं वाक्य. दादा मात्र हसला होता. "एवढंच? मला वाटलं फ्रिज मागतेस." रेल्वेतली एक रजा वाढवून तो बँकेत सही करून गेला, जाताना वर पाचशेची नोटही ठेवून, कोरडं ताट कसं सोडायचं म्हणून.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"माहीत असणं वेगळं गं. वाटलं, सीझन तारून नेईल." अश्विननं कप उचलला. "आणि मागितलं कुणी? मी तर शब्दही काढला नाही भाऊंसमोर."

खरं होतं ते. म्हणून तर रडू येईना. हा माणूस खोटंही बोलला नव्हता. त्यानं फक्त तिचं तोंड वापरलं होतं, लोक शेजारची शिडी वापरतात तसं.

आता उठावं, बाहेर जाऊन दादाला फोन लावावा, आत्ताच, म्हणजे पुढच्या महिन्यातल्या मनालीच्या लग्नाचा खर्च तरी तो आवरेल... लेकीच्या लग्नात त्यानं हात सैल सोडलाय. तिनं पर्समध्ये हात घातला, फोन हाताला लागलाही, आणि तिच्याच तोंडून निघालं,

"मॅडम, जामीनदाराला नोटीस कधी जाते?"

"बँकेच्या मनावर. दीड-दोन महिने धरा."

तिची मान हलली. उत्तर पुरतं संपायच्या आधी. अश्विननं ते पाहिलं, आणि लग्नाच्या इतक्या वर्षांत प्रथमच तो तिच्याकडे बरोबरीच्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिला.

म्हणजे लग्न पार पडेल. हळदीला आत्या म्हणून आपल्याला पुढे बोलावतील, दादा सगळ्यांदेखत आहेराची साडी खांद्यावर टाकील... अश्विन सुटला, वकीलबाईंना फी मिळाली, बँकेला पगार मिळाला, आणि मला एक मानाचा महिना. भरणारा सगळीकडे एकच होता, आणि तो या वेळी मनमाडला ड्यूटीवर असेल.