खंडेनवमीला पूजेत बसलेलं शेत

भिकनच्या आईची दोन शेतं होती. एक मखमलाबादला, झेंडूचं, आणि ते खरं तर त्याच्या वडिलांचं, अण्णांचं. दुसरं तळहातावर मावेल एवढ्या व्हिडिओ गेममधलं, आणि ते मात्र सखुबाईंचं स्वतःचं. या दुसऱ्या शेताकडे कुणी वाकड्या नजरेनं बघितलेलं त्यांना खपत नसे, अगदी पोटच्या पोरानंसुद्धा.

तो गेम मुळात भिकनचा. कॉलेजात असताना द्वारका चौकातल्या एका दुकानातून हट्टानं घेतलेला. पुढे त्याला नोकरी लागली, इंदिरानगरात फ्लॅट झाला, तृप्तीशी लग्न झालं, आणि गेम मखमलाबादच्या कपाटात राहिला. सखुबाईंनी एकदा धूळ पुसता पुसता बटण दाबलं. पडद्यावर ओसाड जमीन, एक कुदळ आणि एक उपाशी कोंबडी. आता उपाशी कोंबडी बघून कुठली बाई उठून जाईल? बसल्या त्या बसल्याच. इंग्रजी येत नव्हतं तरी चित्रं बघून बघून सगळं शिकल्या. आज त्या शेतात गोठा होता, तळं होतं, कपिला नावाची गाय होती आणि ती उपाशी कोंबडी पणजी झाली होती. दुपारची भांडी झाली की सखुबाई अर्धा तास 'शेतावर' जात. त्या वेळात घराला आग लागली तरी त्यांना हाक मारायची नाही.

इकडे भिकनला वेगळंच खूळ. जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी शोधून आणायच्या, एका छोट्या यंत्रात खुपसायच्या, यंत्र लॅपटॉपला जोडायचं आणि कॅसेटीतलं सगळं उतरवून ठेवायचं. कॅसेटी कधी ना कधी मरणारच, त्यांच्या पोटातलं तरी वाचायला हवं, असं त्याचं म्हणणं. तृप्ती म्हणे, लोक कैरीचं लोणचं घालतात, आमच्याकडे कॅसेटींचं घालतात. गावभरच्या कॅसेटी या पठ्ठ्यानं वाचवल्या, पण आईची काही हाती लागेना. त्याला कारण मिक्सर. मागे भिकननं आईचा मिक्सर दुरुस्त केला होता, तेव्हा दोन स्क्रू उरले, आणि तेव्हापासून तो मिक्सर मनात आलं तरच फिरतो. सखुबाईंनी त्या दिवशी सांगून टाकलं होतं की माझ्या शेताला हात लावायचा नाही.

पण गेल्या रविवारी फोनवर त्या सहज बोलून गेल्या, की आज शेत जरा उशिरा उठलं. आधी सगळं कोरं दिसलं, मग बंद करून चालू केल्यावर आलं. भिकनच्या हातातला चहा हातातच राहिला. त्या कॅसेटीच्या आत बटणाएवढा एक सेल असतो. शेत, गाय, कोंबड्या, सगळ्यांची आठवण त्या सेलावर जगते. सेल मेला की संपलं, पुन्हा ओसाड जमीन आणि कुदळ. आणि सेलानं मरायचं मनावर घेतलं होतं.

आईला सांगायची त्याची छाती होईना. घाबरून ती काहीतरी करून बसेल, किंवा त्याहून वाईट, त्यालाच जबाबदार धरेल. म्हणून खंडेनवमीच्या सुट्टीला तो यंत्र आणि लॅपटॉप पिशवीत घालून एकटाच मखमलाबादला आला. तृप्ती दसऱ्याला सकाळी येणार होती. बेत सोपा होता: जेवायचं, आईचा डोळा लागला की कॅसेट काढायची, उतरवून घ्यायची, परत ठेवायची.

तो जेवायला बसला आणि तिथेच फसला. त्याचा भात कालवून होईपर्यंत सखुबाईंनी ओसरीवर शस्त्रपूजा मांडली. खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या हत्यारांची पूजा, आणि एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही, ही त्या घरातली रीत. भिकन हात धुऊन बाहेर आला तर पाटावर विळा, खुरपं, फवारणीचा पंप, तराजू. ठीक आहे. मग अण्णांचा मोबाईल. मग त्याचा स्वतःचा मोबाईल. मग लॅपटॉप, झेंडूच्या माळेसकट. मग ते यंत्र, डोक्यावर अक्षता घेऊन. शेजारी आईचा गेम. आणि गेममधून बाहेर काढून, विड्याच्या पानावर, कॅसेट. तिच्या सोनेरी दातांवर, म्हणजे गेमला टेकणाऱ्या पट्ट्यांवर, ओल्या हळदीकुंकवाचा चांगला जाड थर.

भिकननं चाचरत विचारलं की दातांवरच का. सखुबाईंनी सांगितलं, जिथनं जीव आत जातो तिथंच कुंकू लावावं. मुलाची पिशवी का उघडली, हे विचारायची सोयच नव्हती. पोराची हत्यारं पूजेवाचून राहिली असती तर लोक काय म्हणाले असते.

बरं, एवढ्यावर थांबेल तर खंडेनवमी कसली. अण्णांचा, म्हणजे कोंडाजींचा, मोबाईल पूजेत बसल्या बसल्या वाजू लागला. उद्या दसरा, आज झेंडूचा भाव दर तासाला बदलणार, आणि माणूस समोर बसून आपल्याच फोनकडे टकमक बघतोय. दोनदा त्यांचा हात पुढे गेला, दोनदा सखुबाईंनी नुसतं बघितलं. हात मागे.

शेवटी सखुबाई आत जाऊन लवंडल्या. भिकननं मनातल्या मनात देवीची माफी मागितली, टीव्हीचा रिमोट घेतला आणि पाय न वाजवता ओसरीवर आला. कॅसेट उचलायची आणि पानावर रिमोट ठेवून द्यायचा, वर दोन फुलं टाकायची, आईला लांबून काय कळणार? अशी त्याची अक्कल. तो वाकला, आणि पलीकडून आणखी एक हात आला. त्या हातात साबणाची डबी होती, साधारण मोबाईलच्याच आकाराची.

बाप आणि लेक एकमेकांकडे बघत राहिले. दोघांनाही दुसऱ्याला काही बोलायचा अधिकार उरला नव्हता. कोंडाजींनी मान हलवली, भिकननं मान हलवली, आणि दोघांनी एकदमच आपापला माल उचलला. त्याच क्षणी मोबाईल वाजला. कोंडाजींनी रिंगटोनला आरती लावली होती, टाळ-झांजांसकट.

आरती ऐकून सखुबाई हात जोडतच बाहेर आल्या. पूजेत रिमोट होता, साबण होता, आणि दोन बाप्ये गडी पाटासमोर ओणवे होते.

त्यांचा आवाज चढायच्या आत भिकननं सगळं भडाभडा सांगून टाकलं. सेल मरतोय, आज जाईल की उद्या सांगता येत नाही, आणि गेला तर शेत जाईल, कपिला जाईल, सगळं जाईल. हे मिक्सरसारखं नाही, यात उघडायचं काही नाही, नुसतं उतरवून घ्यायचंय. बोलता बोलता त्याला खरंच रडू आलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

सखुबाईंनी पूजेकडे बघितलं, कॅसेटीकडे बघितलं. त्यांनी पुढे होऊन देवीला नमस्कार केला, पाटावर सुपारी ठेवली आणि भिकनला म्हणाल्या,

"काढ. जीव जात असंल तर पूजेतनं उठवलेलं चालतंय. उद्या माफी मागू."

कोंडाजींनी लगेच मोबाईल पुढे केला, मग ह्याचं काय म्हणून. तुमचा मोबाईल मरायला टेकलाय का, असं सखुबाईंनी विचारलं. टेकला नव्हता. तो परत पूजेत बसला.

लॅपटॉपची माळ उतरली, यंत्र जोडलं, कॅसेट बसली. पडद्यावर उत्तर आलं: आत काही नाही. भिकननं दुसऱ्यांदा लावली, तेच उत्तर. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की दातांवरचं कुंकू सुकून घट्ट झालंय. त्यानं कॅसेट काढून डोळ्यांसमोर धरली, तेवढ्यात सखुबाईंनी आपल्या नेहमीच्या रीतीनं पलीकडून जोरात फुंकर मारली. सुटलेलं सगळं कुंकू भिकनच्या तोंडावर. कोंडाजी हसले, आणि बायकोचा चेहरा बघून लगेच थांबले.

कारण सखुबाई पाटाशेजारी खाली बसल्या होत्या. हात मांडीवर, नजर त्या कोऱ्या पडद्यावर. भिकन करोनातली सॅनिटायझरची बाटली शोधून, कानातल्या काडीनं एकेक दात पुसत होता, आणि त्यांना धीर द्यायचा म्हणून म्हणाला की आई, गेलं तरी परत करू ना शेत, मी मदत करतो.

"तू कशाला?" त्या म्हणाल्या. "कोबी-मुळ्याचं मला काय नाय रे. मखमलाबादला लय हाय त्ये. पण चाळीस वर्सं झाली, इथं काय लावायचं ते मला कुणी इचारलं नाय. शेवंती लावू म्हनलं, झेंडू लावला. मेथी म्हनलं, झेंडू लावला. तिथं मी म्हनते तेच उगवतं."

कोंडाजी पूजेतल्या तराजूकडे बघत बसले. हे त्यांना नवीन होतं असं नाही, पण एवढ्या सरळ कुणी सांगितलं नव्हतं. भिकनलाही आईकडे बघवेना. इतकी वर्षं तो समजत होता की म्हातारीला विरंगुळा आहे.

त्यानं कॅसेट तिसऱ्यांदा लावली. यंत्राचा हिरवा दिवा लागला, विझला, लागला. पडद्यावर एक रेघ मुंगीच्या पावलानं सरकू लागली. तिघंही त्या रेघेकडे बघत होते, आणि कोंडाजी तर हात जोडून. रेघ पार झाली. भिकननं लॅपटॉपवरच गेम सुरू केला. गोठा आला. तळं आलं. कपिला आली, आणि तिनं मान हलवली.

सखुबाईंनी पदर तोंडाला लावला. मग लगेच सावरून चौकशा सुरू. ही कपिला खरी की ती खरी? भिकन म्हणाला, दोन्ही. असं कसं, एका गाईच्या दोन गाई होतात होय? त्यानं समजावलं की आता कॅसेट गेली तरी शेत जाणार नाही, सेल बदलून हेच परत तिच्यात भरता येईल. तेही तुझ्यासमोर भरीन, आणि स्क्रू उरले तर दाखवीन. एवढ्यावर सखुबाईंचं समाधान झालं. त्यांनी कॅसेट पुसून पुन्हा विड्याच्या पानावर ठेवली. या खेपेला कुंकू तिच्या पाठीवर लावलं.

लॅपटॉप राहिला बाहेरच. त्यालाही परत बसवायला भिकन वळला, तर कोंडाजी त्याच्यासमोर मांडी घालून बसले होते. आपण याच्यावरच्या शेतात शिरलं तर हिच्या त्या शेताला धक्का लागेल का, एवढं त्यांनी लेकाला हळूच विचारून घेतलं. लागणार नव्हता. मग त्यांनी एकेका बोटानं बटणं दाबायला घेतली. पडद्यावरचा माणूस आधी तळ्यात गेला, मग कोंबडीला धडकला, मग कपिलेला उगाचच कुदळ मारली. सखुबाई लांबून सगळं बघत होत्या आणि त्यांच्या जिवाची नुसती तगमग होत होती, पण बोलल्या नाहीत. शेवटी तो माणूस एका मोकळ्या वाफ्यात जाऊन उभा राहिला. कोंडाजी थांबले. घसा साफ केला. पडद्यावरची नजर न काढता म्हणाले,

"सखू, ह्यात काय लावू?"

सखुबाई उत्तर द्यायला तोंड उघडणार होत्या, पण त्यांनी ते मिटलं. पदर खोचला. चेहरा अगदी गंभीर केला.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "इचार करून सांगते."

आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. कोंडाजी बटणांवरचं बोट न हलवता वाट बघत बसले.