सांता समोरून

गेल्या नाताळात मी पकडला गेलो. लायब्ररीच्या सभागृहात लाल कोट, कापसाची दाढी, पोटावर दोन उशा अशा थाटात खुर्चीवर बसलो होतो, आणि माझ्या सहा वर्षांच्या नातीने भर गर्दीत विचारलं, "सांता, तुमच्या पायात आजोबांचे बूट कसे?" जन्मभर घड्याळांची बारीक चक्रं भिंगातून न्याहाळणारा मी, स्वतःच्या पायांकडे बघायला विसरलो होतो. घरात तिला फौजदार म्हणतात ते उगाच नाही. काहीतरी थाप मारून मी वेळ मारून नेली, पण तिच्या डोक्यातला किडा गेला नाही.

यंदा मी नवे बूट आणले. फौजदार माझ्या एक पाऊल पुढे निघाल्या.

"आजोबा, या वर्षी तुम्ही माझ्या शेजारी बसायचं," सकाळी दूध पिता पिता तिने हुकूम सोडला. "तुम्ही इथे आणि सांता तिथे, तरच तो खरा. नाहीतर मी परत कधी येणारच नाही."

मुलं कधी ना कधी सांताला मानायचं सोडतात, हे नऊ वर्षं सांता झालेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. पण माझ्याच नातीने, माझ्याच बुटांपायी, सातव्या वर्षी सोडावं?

मी बायकोकडे धावलो. ती शिलाई मशीनवर होती, ओठांत टाचण्या. कोट तिनेच शिवलेला.

"तुम्ही बसा तिच्याजवळ," ती टाचण्यांमधूनच म्हणाली. "कोट मी पोचवते. ग्रंथपाल बघतील काय ते."

"अगं, तो काडीपैलवान. कोट खुंटीला टांगल्यासारखा दिसेल."

"दिसू दे," म्हणून तिने मशीन सुरू केलं. विषय संपला.

चार वाजता आम्ही पहिल्या रांगेत. ग्रंथपाल स्वतःच्याच स्वेटरमध्ये पुढे आले आणि सांता येत असल्याचं सांगून बाजूला उभे राहिले. मग कोटात कोण? तेवढ्यात दार उघडलं.

तो कोट मी नऊ वर्षं फक्त आतून ओळखत होतो. खाजणारी दाढी, घसरणारी उशी, कधी एकदा संपतंय ही घाई. समोरून तो कसा दिसतो, मला ठाऊकच नव्हतं. सांता सावकाश चालत आला. प्रत्येक मुलापाशी वाकला, त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबला. सभागृह चिडीचूप झालं. मागे किरकिरणारं एक तान्हं बाळसुद्धा गप्प झालं. दाढी कपाटाच्या कुठल्या कप्प्यात असते हे जाणणारा मी आ वासून बघत होतो, आणि अंगावर काटा उभा राहिला होता.

सांता आमच्यासमोर थांबला. नातीने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आधी आजोबांना विचारा," ती म्हणाली.

"बोल बाळा," बसक्या आवाजात सांता म्हणाला, "तुला काय हवं?"

काहीतरी विनोद करावा असं मनात होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"आमची ही दिवसभर दुसऱ्यांचे कपडे शिवते. छान झालंय, असं मी तिला कधी म्हटलं नाही. आता या वयात म्हणायला लाज वाटते. तेवढं तुम्ही कळवा."

सांताचा हात पुढे आला, माझ्या शर्टाचं सैल बटण चाचपलं, लोंबणारा दोरा बोटाला गुंडाळला आणि झटक्यात तोडला. गेली चाळीस वर्षं मी घराबाहेर पडताना उंबऱ्यावर माझ्या बटणांचा असाच समाचार घेतला जातो.

"कळवीन," सांता म्हणाला. दाढीवरचे डोळे पाणावले होते.

नातीने मला कोपराने ढोसलं. "आजोबा, खरा आहे ना?"

"खरा आहे," मी म्हणालो, आणि मला ते मनापासून वाटत होतं.

मग ती उठली आणि सांताच्या कानात आपलं मागणं सांगू लागली. वर्षभराचं साठलेलं असावं, बराच वेळ सांगत होती. सांता मान डोलवत ऐकत होता. मी नुसता बघत राहिलो. आमची ही केवढी मोठी आहे, हे कळायला मला एकदा समोर बसावं लागलं.