द्रौपदीवहिनींचा रस्ता

किसन शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर पालथा पडला होता. नव्या गाडीच्या बाजूला काठी उभी धरून, एक डोळा मिटून तो तिच्या पोटाखाली बघत होता. मी त्याच्या चपला हातात घेऊन शेजारी उभा. नव्या गाडीजवळ तो चपला घालून जात नसे, आणि दारात काढल्या तर चोरीला जातील अशी त्याची पक्की खात्री होती. १९८७ सालचा जानेवारी, उल्हासनगर कॅम्प दोनमधली भरदुपार. टाय लावलेला विक्रेता आधी हसला, मग त्याने आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला की साहेब, मायलेज विचारा, रंग विचारा, हे काय चाललंय?

"पोट मोजतोय," किसन खालूनच म्हणाला.

महिन्याभरात आमचं हे चौथं शोरूम होतं. काडेपेटीच्या कारखान्यातल्या हजेरी कारकुनाला, म्हणजे मला, असल्या कामाला वेळ कसा मिळतो, हे माझी बायकोही विचारायची. पण किसनबरोबर गाडी बघायला जाण्यात जी मजा होती ती सिनेमाला नव्हती.

किसनचं गॅरेज अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. पंचक्रोशीत कुणालाही मोटरसायकल घ्यायची असली की तो आधी किसनकडे यायचा. दूधवाले, तलाठी, वीटभट्टीवाले, सगळे. येणारा विचारायचा, राजदूत घेऊ, येझदी घेऊ, की बुलेट? किसन हात पुसत एकच म्हणायचा, "आधी रस्ता दाखव." आणि खरोखरच रविवारी त्या माणसाच्या गावी जाऊन त्याचा रस्ता पायी चालायचा. वाटेत जो दगड चुकवता येणार नाही, त्याच्याशेजारी काठी उभी करायची आणि खिशातल्या चाकूने तेवढ्या उंचीवर खाच पाडायची. ज्या गाडीचं पोट त्या खाचेच्या वर, ती गाडी त्या गिऱ्हाइकाची. बाकी ब्रँड, जाहिरात, शेजाऱ्याने कुठली घेतली, सगळं नंतर. सागाच्या त्या काठीवर वीतभर जागेत वीस-एक खाचा होत्या आणि कुठली कुणाची ते त्याला तोंडपाठ होतं.

असा हा माणूस, स्वतः मात्र पन्नाशीपर्यंत मोटरसायकलीविना. गिऱ्हाइकाची दुरुस्तीला आलेली गाडी कोपऱ्यावर पान आणायलासुद्धा न्यायची नाही, हा त्याचा नियम. स्वतःची म्हणून एक जुनाट स्कूटर होती, तिची मागची सीट काढून तिथे हत्यारांची पेटी बसवलेली. आता मुलगी लग्न होऊन गेली होती, मुलगा नोकरीला लागला होता, आणि किसनने जाहीर केलं होतं की आपण नवी गाडी घेणार.

बस, अंबरनाथ ते बदलापूर गॅरेजवाल्यांत दुसरा विषय उरला नाही. किसन स्वतःला कुठली घेतो ती खरी चांगली गाडी, असं सगळ्यांचं मत. पैजा लागल्या. जुनी मंडळी राजदूत म्हणत होती, तरुण मंडळी नव्या जपानी शंभर सीसीच्या बाजूने होती. कॅम्प दोनमधला स्पेअर पार्टवाला परसरामशेठ तर एक परदेशी मासिकच घेऊन आला. त्याचा पुतण्या हाँगकाँगला होता. मासिकात उंच पोटाची, खडबडीत टायरची एक मोटरसायकल चिखलातून डोंगर चढत होती. परसराम म्हणाला, "साईं, इसको एन्ड्युरो बोलते. ये गाडी को रस्ता मंगताच नहीं." किसनने ते पान कापून गॅरेजच्या भिंतीवर लावलं आणि आठ दिवस येता-जाता त्याच्याकडे नवी नवरी बघावी तसा बघत राहिला. तसली गाडी आपल्याकडे मिळायची नव्हती, पण तिच्यामुळे इथल्या सगळ्या गाड्या त्याच्या मनातून उतरल्या.

तर त्या दिवशी शोरूममध्ये मी त्याला विचारलं, "तू कुठल्या खाचेशी मोजतोयस?"

तो उठून बसला. शर्टाची धूळ झटकली. काठीकडे बघून म्हणाला, "सगळ्याच खाचांशी."

तिथेच त्याचं घोडं अडलं होतं. त्याला स्वतःला रस्ताच नव्हता. घरापासून गॅरेज चार मिनिटं, तेही सपाट.

संध्याकाळी त्याच्या घरी चहा पिताना मी हा किस्सा मीठमसाला लावून द्रौपदीवहिनींना सांगितला. मला वाटलं त्या हसतील. त्या तांदूळ निवडत होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "माझा हाय की रस्ता."

किसनला कळेना. तो म्हणाला, तुझा कुठला रस्ता?

"माझ्या आईचा. चार वर्सं झाली, माझे गुडघे ती चढण चढत नाय. धर्मराज आला होता परवा. आईला संध्याकाळचं आता दिसत नाय म्हणतो. दिवसा दिसतं, ते पण समोरचंच." त्यांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला. "तिला दिसतंय तवर तिच्यासमोर उभं राहायचंय मला."

वहिनींचं माहेर बदलापूरच्या पुढे, एसटीने तासभर आणि मग डोंगरात दोन तासांची चढण. वाडीत भाऊ धर्मराज आणि आई कौसाबाई. भावाने बहिणीला डोलीतून न्यायची तयारी दाखवली होती, पण डोलीत आजारी माणूस नेतात, आई घाबरेल, म्हणून वहिनींनीच नको म्हटलं. आईला मात्र तशाच डोलीतून खाली आणून डोळ्यांच्या शिबिरात दाखवून झालं होतं, वहिनींना ते मागाहून कळलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. थेंब दिले, आणि गेलेली नजर परत येत नाही हेही सांगितलं. जंगलखात्याने अलीकडे ती पायवाट रुंद केली होती. धर्मराज म्हणाला होता की एखादी दणकट मोटरसायकल आता वरपर्यंत येईल.

किसनने चहा तसाच ठेवला. पुढच्या रविवारी आम्ही निघालो.

मी आयुष्यात अनेक रस्ते त्याच्याबरोबर चाललो, पण असा चाललो नाही. दगड नव्हतेच, कातळाच्या पायऱ्याच होत्या. मध्ये दोन ओढे, तेव्हा कोरडे. दुसऱ्या ओढ्यापाशी त्याने एका कातळाशेजारी काठी उभी केली आणि आजवरच्या सगळ्या खाचांच्या वर, चार बोटं वर, नवी खाच पाडली. मग तिथेच बसला.

"रघू, कडेवर एक पोर, बोटाला एक, डोक्यावर गाठोडं, अशी यायची ती इथनं. बावीस वर्सं संसार झाला. मी तिला यस्टीत बसवून परत जायचो. गॅरेज बंद राहील म्हणून." तो काठीकडे बघत होता. "सगळ्या दुनियेचा रस्ता चाललो मी. हा नाय चाललो."

मी त्याला पाणी दिलं.

वर कौसाबाई अंगणात बसल्या होत्या. जावयाला ओळखायला त्यांना मान वळवून त्याला नीट समोर धरावं लागलं, पण ओळखलं. म्हणाल्या, "जावयबापू, केस पिकलं की तुमचं." मग त्यांची नजर आमच्यामागे वाटेवर गेली आणि तिथेच थांबली. किसन म्हणाला, गाडी घेतो आणि तिला घेऊन येतो. त्या म्हणाल्या, "बिगीन आना."

आता कुणीही शहाणा माणूस सोमवारी जाऊन गाडी घेऊन आला असता. पण किसनचा दुसरा एक नियम होता. पावसाळ्यातला रस्ता बघितल्याशिवाय गाडी ठरवायची नाही. पूर्वी एकदा त्याने एका दूधवाल्याला एप्रिलमध्ये रस्ता बघून गाडी निवडून दिली होती, आणि जुलैत तो ओढ्यात पडून पायाने अधू झाला. तो माणूस किसनला काही बोलला नाही. पण तेव्हापासून हा नियम.

मी त्याच्याशी भांडलो. म्हटलं, अरे, उन्हाळ्यात चार वेळा जाऊन येशील. तो म्हणाला, "आणि पहिल्याच फेरीत ती पडली तर? मागं ती बसणार हाय, दुधाचा कॅन नाय." मी वहिनींकडे पाहिलं. त्या एवढंच म्हणाल्या, "ह्यांना कळतं गाडीतलं." किसनच्या चाळीत सगळ्यांना त्यांच्या समजूतदारपणाचं कौतुक वाटलं. मलाही वाटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

जुलैत आम्ही पुन्हा गेलो. ओढ्याला मांडीइतकं पाणी होतं. किसन कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला आणि तळाचे दगड काठीने चाचपत बसला. दसऱ्यापर्यंत पाणी घोट्यापर्यंत उतरतं, असं धर्मराजने सांगितलं. तेव्हा दसऱ्याला गाडी, हे ठरलं. त्या वेळी कौसाबाई घरात झोपल्या होत्या, आम्ही उठवलं नाही.

शेवटी त्याने राजदूत घेतली. पैजा जिंकलेल्यांनी पेढे मागितले, हरलेल्यांनी कारणं विचारली. पण तशीच्या तशी ती त्याने वापरली नाही. भिंतीवरच्या चित्राकडे बघत बघत पंधरा दिवस तिच्यावर काम केलं. पुढचा मडगार्ड उचलून घेतला, परसरामकडून जाड नक्षीचे टायर आणले, मागचे स्प्रिंग बदलून पोट त्या नव्या खाचेच्या वर दोन बोटं नेलं. मागच्या सीटला गादी लावली, धरायला कडी बसवली, आणि वहिनींना गुडघा फार वाकवावा न लागता चढता यावं म्हणून एक जादा पायरी जोडली. मग त्यांना दहादा चढायला आणि दहादा उतरायला लावलं. अख्खी चाळ जमली होती. वहिनी लाजेने लाल झाल्या होत्या, पण अकराव्यांदा स्वतःहून चढल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. ते दोघं राजदूतवर, मी मागे माझ्या जुन्या येझदीवर. पहिल्या चढालाच मी गाडी झाडाखाली लावली आणि पुढे चालत गेलो. ते दोघं दगडांमधून इतक्या सावकाश जात होते की मी जवळजवळ बरोबरीनेच चालत होतो. किसन प्रत्येक कातळाआधी म्हणायचा, "धरलंस?" आणि वहिनी म्हणायच्या, "धरलं." एकदाही गाडी टेकली नाही.

वाडीत आवाज पोचला होता. धर्मराज वाटेत सामोरा आला. त्याने आधी बहिणीचे हात धरले आणि मग किसनकडे बघून हळूच सांगितलं की गणपतीपासून आईला अजिबात दिसत नाही. तुम्ही येणारच होतात, म्हणून कळवलं नाही.

किसनने इंजिन बंद केलं. वहिनी त्या पायरीवरून उतरल्या आणि चालत अंगणात गेल्या.

कौसाबाई दारात उभ्या होत्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. माहेरी आलेल्या लेकीवरून ओवाळून टाकायला त्यांनी सकाळपासून तो धरून ठेवला होता म्हणे. "आली का गो माझी बाय," म्हणत त्यांनी तुकडा ओवाळायला सुरुवात केली. पण त्यांचा हात लेकीच्या तीन फूट डावीकडे, मोकळ्या जागेवरून फिरत होता. धर्मराज सांगायला पुढे झाला. वहिनींनी त्याला डोळ्यांनीच थांबवलं, चपला काढल्या, आणि आवाज न करता त्या मोकळ्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. तुकडा त्यांच्या तोंडावरून तीनदा बरोबर फिरला.

मग कौसाबाईंचे हात लेकीच्या चेहऱ्यावरून, खांद्यांवरून खाली उतरत गुडघ्यांपाशी आले. "सुजलंय गो," त्या म्हणाल्या. वहिनी तेव्हा रडल्या, अगदी मोठ्याने.

किसन कुंपणापाशी गाडी धरून उभा होता, स्टँड लावायचंही भान नव्हतं त्याला. दुपारी निघायच्या आधी तो वहिनींना म्हणाला, "मी चुकलो. मार्चमध्येच आणायला पायजे होती."

वहिनी पदराने तोंड पुसत गाडीकडे बघत होत्या. "गाडी बरोबर घेतली तुम्ही," त्या म्हणाल्या.

त्यानंतर सहा वर्षं, कौसाबाई गेल्या तोपर्यंत, ते दोघं पावसाळा सोडून दर महिन्याला तिकडे जात. माझ्याकडे कुणी राजदूत कशी आहे विचारायला आलं तर मी सांगायचो, चांगली आहे, पण तुझा रस्ता कुठला?

किसन मात्र त्या दिवसापासून रस्ते वितीने मोजायला लागला. काठी वाडीवरच राहिली होती. निघताना त्याने ती सासूच्या हातात दिली होती, उलटी करून, खाचा मुठीत येतील अशी. कौसाबाई एकेक खाच बोटाने चाचपत होत्या. ह्या कसल्या, त्यांनी विचारलं. तो म्हणाला, लोकांच्या वाटा आहेत. त्यांचं बोट सगळ्यांपासून लांब असलेल्या त्या एकट्या खाचेवर थांबलं. "आनि ही?"

"ही तुमच्या लेकीची," किसन म्हणाला.

त्यांनी अंगठा त्या खाचेत बसवला आणि काठी टेकत आम्हाला पोचवायला कुंपणापर्यंत आल्या.