अर्धा गुण

आयुष्यभर मी अलेक्झांड्रियाच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाले तरी तांबडं पेन हातातून सुटलं नाही. आमच्या फोनवरच्या गटात गुण देण्याचं काम म्हणूनच माझ्याकडे आलं. आलं कसलं, मीच ओढून घेतलं.

गटात तिघंच. मी इस्मत, येमेनमधल्या एडनचे वद्दाह आणि मोरोक्कोतल्या तेतुआनची रहिमो. कोणी कोणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. जुन्या सिनेमांच्या एका पानावर मी कुणाची तरी चूक काढली, वद्दाहांनी माझी काढली, रहिमोनं आम्हा दोघांची काढली, आणि त्यातून मैत्री झाली. दर शुक्रवारी जेवणं उरकली की प्रत्येकानं दोन गोष्टी टाकायच्या. गाण्यातला किंवा सिनेमातला एक प्रश्न, आणि कुठल्याही मुलखातली एक चालरीत. नियम माझे. सगळ्यांना ठाऊक असलेल्या रीतीला अर्धाच गुण, पुराव्याचा फोटो असेल तर पूर्ण. वहीत तीन रकाने आखलेले होते आणि सहा वर्षांत एकही शुक्रवार चुकला नव्हता.

रहिमोचे गाण्यांचे प्रश्न तिचे नसायचे. ते तिचा नवरा मफद्दल काढायचा. सुतार माणूस, दुकानात दिवसभर रेडिओ लावून बसणारा. गटात यायला मात्र तयार नाही. रहिमोनं आवाजी निरोप पाठवला की मागून त्याचं सुरू व्हायचं, "बाईंना सांग, चुकलात! सिनेमे तुमच्या गावात काढले म्हणून काय सगळं तुम्हालाच कळतं?" मग मी लिहायची, "तुझ्या वकिलाला म्हणावं, आधी समोर ये." आणि रहिमोचं ठरलेलं उत्तर यायचं, "सांगते ह्यांना."

खरं सांगते, आठवडाभर मी त्या भांडणाची वाट पाहायची. माझ्याशी भांडायला घरात दुसरं कोणी नाही.

जानेवारीतला शुक्रवार होता. समुद्रावरून वादळ आलं होतं, गच्चीतलं धुणं दोनदा आत आणावं लागलं, आणि मी वैतागलेली होते. रहिमोचा निरोप आला. नेहमी बोलून पाठवायची, त्या दिवशी लिहून होता.

"आमच्याकडे नवरा गेला की बायको पांढरं घालते. चार महिने दहा दिवस."

मी लगेच लिहिलं, "जुनं झालं. हे वद्दाहांनी गेल्या वर्षीच सांगितलंय. अर्धा गुण. पुरावा?"

बऱ्याच वेळानं फोटो आला. पलंगावर पांढरा झगा, पांढरा रुमाल, पांढरे मोजे. मोज्यांवरची किमतीची चिठ्ठी अजून काढलेली नव्हती. उशीजवळ चष्म्याचं घर.

"अरे वा, मोजेसुद्धा पांढरे? हे नवीन. घे, पूर्ण गुण. आणि वकिलाचा प्रश्न कुठाय?"

"आज ह्यांनी काही दिला नाही, लल्ला इस्मत." लल्ला म्हणजे त्यांच्याकडचं 'बाई'.

"हरला म्हण की!" असं लिहून मी पुढे हसरं तोंड टाकलं. या वेळी "सांगते ह्यांना" आलं नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

पुढच्या शुक्रवारी रहिमो नव्हती. मी वहीत गैरहजेरी मांडली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी गटावर लिहिलं, "न कळवता दांडी मारणाऱ्याचे दोन गुण कापण्यात येतील." शाळेत असंच बोलायची मी. पोरी मागे मला काय म्हणायच्या ते मला ठाऊक आहे.

तिसऱ्या आठवड्यात वद्दाहांचा फोन आला. ते कधी फोन करत नाहीत.

"इस्मत, बसलीयेस ना?"

"का? रहिमोची रदबदली करायला केलात वाटतं फोन?"

"मफद्दल गेला गं. दुकानातच, काम करता करता. त्या शुक्रवारच्या आधी दोन दिवस."

"कुठल्या शुक्रवारच्या?"

"पांढऱ्या कपड्यांच्या."

तेच पुढे म्हणाले, "माझंही लक्ष गेलं नाही, मीही तिथं अंगठ्याचं चित्र टाकून मोकळा झालो. आज राहवेना म्हणून फोन लावला तिला. म्हणाली, तोंडानं सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून नेहमीसारखं लिहिलं. बाई हुशार आहेत, ओळखतील."

बाई हुशार आहेत! फोन ठेवला आणि मी वही उघडली. तिच्या रकान्यात माझ्याच अक्षरात पूर्ण गुण, शेजारी कंसात 'मोजे'. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तिचा नवरा गेलेला, घरात माणसं भरलेली, त्यातून उठून तिनं मला सांगितलं, आणि मी तिच्याकडे पुरावा मागितला. तिनं तोही दिला.

तिला फोन केले, तिनं उचलले नाहीत. माफी लिहिली. पहिली लांबलचक होती, ती पुसली. दुसरी दोन ओळींची, ती पाठवली. तिनं वाचली, एवढं कळलं. उत्तर नाही. मला एवढंच हवं होतं की तिनं एकदा माझ्याशी बोलावं, रागानं का होईना. वद्दाह म्हणाले, "वेळ दे तिला." मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चार महिने दहा दिवस मोजले आणि शेवटच्या दिवसावर खूण केली. गट बंदच होता. शुक्रवारी दुपारी मी बिनसाखरेची कॉफी करून प्यायची. आमच्याकडे मयताच्या घरी तीच देतात. माझ्याकडे कोण येणार होतं, मीच करायची आणि मीच प्यायची.

मे संपत आला. खुणेचा दिवस गेला. त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी फोन वाजला. रहिमोचा आवाजी निरोप. मागे काहीच नाही, रेडिओसुद्धा नाही.

"लल्ला इस्मत, पांढरे कपडे आज घडी करून ठेवले. कपाट आवरताना ह्यांचं चष्म्याचं घर उघडलं. आत चिठ्ठी निघाली. त्या शुक्रवारचा प्रश्न आधीच काढून ठेवला होता ह्यांनी. वाचते. नावाड्याच्या सिनेमात वरातीच्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर एक बाई हसते. ती कोण? नायिका, गायिका, की तिसरीच कोणी?" मग ती म्हणाली, "उत्तर लिहिलेलं नाही. मलाही कधी सांगितलं नाही."

तो सिनेमा मी सात वेळा पाहिलेला. ते गाणं शोधून लावलं. दुसरं कडवं संपलं, ती बाई हसली. पुन्हा लावलं. नायिका म्हणावी तर आवाज जाड, गायिका म्हणावी तर पातळ. दहाव्यांदा ऐकल्यावर मी गाणं बंद केलं. आता हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

वहीत चौथा रकाना आखला. वर नाव घातलं, मफद्दल. सहा वर्षं त्याचे सगळे गुण मी रहिमोच्या नावावर मांडत आले होते. मग गटावर लिहिलं, "मला येत नाही. मी हरले. पूर्ण गुण मफद्दलला."

हे वाक्य मी गटावर याआधी कधी लिहिलं नव्हतं.

रहिमो लिहिते आहे असं दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं. शेवटी आलं.

"सांगते ह्यांना."