चार खणांचा डबा

माझा नवरा वजनकाटे तपासतो. म्हणजे त्याची नोकरीच ती. दुकानातल्या काट्यावर पितळी वजनं ठेवायची, काटा खरं बोलतो की नाही ते बघायचं आणि शिक्का मारायचा. अशा माणसाशी संसार म्हणजे भाजीत मीठसुद्धा त्याच्यादेखत अंदाजाने टाकायची सोय नाही. पूर्वी मी त्यावरून त्याला भरपूर टोमणे मारायचे. मग घशातल्या गाठीबरोबर डॉक्टरांनी माझं स्वरयंत्रही काढलं. तेव्हापासून मी छोट्या पांढऱ्या पाटीवर लिहून भांडते, आणि लिहून भांडण्यात निम्मी मजा जाते.

ऑपरेशन ठरलं तेव्हा आमची मुलगी, ठमी, नुकती बोलायला लागली होती. माझा आवाज तिच्या लक्षात राहणार नाही हे उघड होतं. म्हणून ती दुपारी झोपली की मी मोबाईल समोर ठेवून बोलत बसायचे. गोष्टी सांगितल्या, बेसूर गाणी म्हटली. तिला हाका मारल्या, लाडाच्या, रागाच्या, जेवायला बोलावण्याच्या. पुढे कधीतरी ती दार आपटून खोलीत जाऊन बसेल, त्या दिवसासाठी सणसणीत बोलणीसुद्धा भरून ठेवली. जरा समज आली की तिला हे सगळं ऐकवायचं, असं आमचं ठरलं होतं.

नवऱ्याने ते मोबाईलमधून काढून हार्ड डिस्कवर नेलं. "एका जागी नीट राहील," म्हणाला. त्या डिस्कवर आमचे फोटो, व्हिडिओ, त्याचे जुने सिनेमे, दोघांच्या कॉम्प्युटरचे बॅकअप असं अख्खं घर कोंबलेलं होतं. ती शिगोशिग भरत आली तेव्हा मी पाटीवर लिहिलं, 'माझ्या आवाजाची दुसरी कॉपी काढ.'

"काढू की. पण नीट काढू," तो म्हणाला. "स्टोरेजचा एक डबा आणू. राउटरला जोडला की घरात कुठूनही सगळं बघता येतं. आत एकाला दोन डिस्क, दोन्हींवर तेच. एक गेली तरी दुसरी आहे."

मला पटलं. इथपर्यंत कोणालाही पटलं असतं.

मग निवड सुरू झाली. दोन खणांचा डबा घ्यायचा की चार खणांचा? डिस्क केवढ्या? तापतो किती, घरघरतो किती? चपलांच्या कपाटावर ठेवला तर आत धूळ जाईल का? ऑफिसातून आला की चहाचा कप घेऊन तो लोकांची मतं वाचत बसायचा. एकाने एखादा डबा चांगला म्हटला की त्याच डब्याला शिव्या घालणारा दुसरा त्याला सापडायचाच. माझी नणंद खालच्याच मजल्यावर राहते. ऑपरेशननंतर ठमीला गोष्टी वाचून दाखवण्याचं, भरवण्याचं, रागवण्याचं काम तिनेच अंगावर घेतलं होतं. ती एकदा म्हणाली, "दादा, बायको बघताना एवढी चौकशी केली नव्हतीस."

"म्हणूनच," तो म्हणाला.

मी पाटी पुसायचं फडकं त्याला फेकून मारलं. तेव्हा आम्ही हसत होतो.

मी लिहिलं, 'तोवर पेन ड्राइव्हवर तरी ठेव.' तो म्हणाला, "तात्पुरतं काही करायचं नाही. तात्पुरतं केलं की तेच कायमचं होऊन बसतं. चार दिवस धीर धर." इंटरनेटवर ठेवायचं म्हटलं, तर म्हणाला, दुसऱ्याच्या घरात आपलं सामान कशाला?

आता प्रश्न उरला जागेचा. ती अंदाजाने ठरवणं त्याच्या रक्तात नाही. दरवर्षी किती भर पडते, किती फायली दुबार आहेत, हे काढायला त्याने एक प्रोग्रॅम लावला. तो डिस्कवरची एकेक फाईल उघडून दुसरीशी ताडून बघायचा. आकडा आला की याला शंका यायची, की पुन्हा पहिल्यापासून. कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवली होती, 'मोजणी चालू आहे, हात लावू नये.' दुकानदारांना दटावायची भाषा त्याने घरात आणली होती. म्हातारी डिस्क दिवसभर कुरकुरायची. एके दिवशी त्या कुरकुरीची टकटक झाली. मला बोलता येत नाही, ऐकू चांगलं येतं. मी पाटीभर अक्षरात लिहिलं, 'बंद कर. ती मरतेय.'

"एवढी शेवटची होऊ दे," तो म्हणाला. "अर्धवट आकड्याचा काय उपयोग?"

मोजणी पूर्ण झाली. आकडा बिनचूक आला. चार खण लागणार हे ठरलं, डबा आला, चपलांच्या कपाटावर बसला, हिरवे दिवे लागले. मग त्याने जुनी डिस्क जोडली. ती दोनदा टकटकली आणि गप्प झाली. त्याने वायर बदलली, माझा कॉम्प्युटर लावून बघितला. तिथेही तेच.

बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्यांकडे ती पाठवली. आतल्या तबकड्या खरवडल्या गेल्यात, काही निघणार नाही, असं कळवून त्यांनी ती परत केली. नवरा हमसून हमसून रडला. मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि तोंड तसंच राहिलं. राग आला की अजूनही मी विसरते. नातेवाइकांचे जुने व्हिडिओ मागवून बघितले. त्यांत मी दिसते, पण बोलत भलतंच कोणीतरी असतं. मी त्याला माफ केलेलं नाही. त्याला ते माहीत आहे, तो विचारत नाही. डबा मात्र उत्तम चालतो, आणि त्यात जागा भरपूर आहे.

परवा ठमी शाळेतून आली. वर्गात घरच्या कोणाची तरी नक्कल करायची होती.

"मी आईची केली," ती म्हणाली. "आई बोलायची ना, तेव्हाची."

नवरा चहा गाळत होता, तो थांबला. "तुला आठवतं?"

"आठवतं की." तिने कमरेवर हात ठेवले. "ठमाबाई, हात धुतलेस का गं?" शेवटचा शब्द लांबवून, थोडा नाकात.

नक्कल हुबेहूब होती. हुबेहूब माझ्या नणंदेची.

"अशीच बोलायची ना आई?" तिने बापाला विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं. खोट्या काट्यावर त्याने जन्मात कधी शिक्का मारलेला नाही.

"अगदी अशीच," तो म्हणाला.

त्याला ओळखू आलं आणि तो खोटं बोलला, की त्यालाही आता माझा आवाज आठवत नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून मला कळेना. मला स्वतःला तो आठवतो का, हेही मला छातीठोक सांगता येणार नाही. ठमी माझ्याकडे बघत उभी होती. मी पाटी घेतली, 'हो' लिहिलं आणि तिच्यासमोर धरलं. ती खूश होऊन हात धुवायला गेली.