वुब्बेच्या मांडीतला पडदा

पत्रावर नाव नव्हतं, गाव नव्हतं. मेलेल्या माणसाच्या शरीरातलं दान घेणाऱ्यांची पत्रं संस्थेमार्फत अशीच निनावी येतात. हिस्केचा नवरा वुब्बे जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि त्याच्या मांडीतला पांढरा चिवट पडदा कुणा बाईच्या ओटीपोटात शिवला होता. तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, खाली सरकून बाहेर यायचं, ते आता थांबलं होतं.

"'या हिवाळ्यात कालवा गोठला,'" लेक आफ्के मोठ्याने वाचत होती, "'आणि अकरा वर्षांनी मी पायाला स्केट बांधले. तुमच्या माणसामुळे.' किती गोड लिहिलंय गं, आई!"

"गोड?" हिस्केने डाव सुपाच्या पातेल्यावर आपटला. "मेल्यावर सवत आणली माझ्या उरावर!"

"आई! काहीतरीच काय!"

हिस्के जळत होती, आणि आपण जळतोय हे तिला कळतही होतं. तीस वर्षांत जेव्हा जेव्हा कालवा गोठला, तेव्हा वुब्बे बर्फावर भिरभिरला आणि ती वाटाण्याच्या सुपाचा थर्मास घेऊन काठावर उभी राहिली. 'ये की, भित्री कुठली!' तो ओरडायचा. ती हसून मान हलवायची. आता त्याच्याच मांडीच्या जोरावर ही भवानी पळत होती.

"तू तर कधी बर्फावर पाऊल ठेवलं नाहीस," आफ्के म्हणाली. "मग तिच्यावर का डाफरतेस?"

"भित्री नव्हते गं मी." हिस्केने गॅस बंद केला. "तू झालीस तेव्हापासून माझंही अंग बाहेर येतं. ते धरून ठेवायला डॉक्टरीणबाई आत रिंग बसवतात."

"बाबांना माहीत होतं?"

"असलं काय सांगायचं पुरुषाला?"

आफ्केने पत्राची घडी घातली.

उत्तराचा कागद आठ दिवस टेबलावर होता. मनातल्या शिव्या हिस्केने लिहिल्या आणि खोडल्या. वुब्बे साऱ्या जगाला 'घ्या' म्हणून दानाच्या कागदावर सही करून गेला. बायकोने तोंड उघडलं असतं, तर हात धरून त्यानेच तिला दवाखान्यात नेलं असतं. तिने उघडलंच नव्हतं.

नवव्या दिवशी तिने दोनच ओळी लिहिल्या. 'बाई, ती मांडी थंडीत आखडायची. बर्फावर जाताना आत लोकरीचं घाला.'

पाकीट चिकटवून तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"ऑपरेशन करून घेते म्हणते मी. आणि बाई, वुब्बेचं थोडं उरलंय का हो कुठे? तेवढं विचाराल?"